बैठकीची खोली आणि चित्रकलेची शाळा

(गावच्या सार्वजनिक वाचनालयात, गुरुजींच्या स्मरणार्थ चालणाऱ्या वार्षिक व्याख्यानमालेत दिलेलं व्याख्यान)



ज्या माणसाच्या नावानं ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी मला पाचवीत असताना पहिल्यांदा ब्रश धरायला शिकवलं. ब्रश कसा धरायचा याआधी तो कसा धुवायचा, हे त्यांनी शिकवलं. आपल्या शाळेत तेव्हा चित्रकलेला वेगळी खोली नव्हती. प्रयोगशाळेच्या मागच्या पडवीत गुरुजी आम्हाला एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षांसाठी बसवायचे. समोर एक तांब्या, एक वांगं, एक पितळी समई. कॅमलच्या रंगांची एक पेटी आम्ही सात जणांनी वापरली.

गुरुजी स्वतः ड्रॉइंग टीचरच्या कोर्ससाठी तरुणपणी मुंबईत राहून आले होते. तो काळ त्यांनी आयुष्यभर जपला. त्यांच्या ट्रंकेत चित्रकार धुरंधरांची जुनी पोस्टकार्डं होती. मुंबईच्या रस्त्यावरची माणसं, बायकांच्या नऊवारीची नेसण, पगड्यांचे प्रकार. पावसाळ्यात ट्रंक उघडून ते ती कार्डं उन्हाची तिरीप येईल तिथं मांडायचे आणि आम्हाला बघू द्यायचे. हात लावायचा नाही, नुसतं बघायचं. १९७७ साली मी मुंबईला निघालो तेव्हा एस.टी. स्टँडवर त्यांनी मला एकच प्रश्न विचारला. "शाळा तर शिकवेलच रे. पण रविवारी शाळा बंद असते, त्या दिवशी काय करशील?" मला उत्तर देता आलं नाही. आज मोठ्या शहरात कला शिकणं या विषयावर बोलायला उभा राहिलोय, ते त्या प्रश्नाचं उत्तर द्यायला.

परळच्या डेपोत उतरलो तो पहाटे पाचला. मामा घ्यायला आला होता. मामा गिरणीत, साच्यावर. राहायची सोय लालबागेत, गावच्या बैठकीच्या खोलीत. तरुण मुलांना हा शब्द आता समजावून सांगावा लागेल. आपल्या पंचक्रोशीतल्या माणसांनी मिळून भाड्यानं घेतलेली चाळीतली एक खोली. बायकामुलं गावाला, पुरुष गिरणीत. दहा बाय बाराच्या जागेत सोळा-सतरा माणसं, पण एका वेळी सगळी कधीच नसत, कारण पाळ्या तीन. पहिल्या पाळीचा माणूस उठला की तिसऱ्या पाळीचा येऊन त्याच वळकटीवर आडवा व्हायचा. भिंतीला प्रत्येकाची ट्रंक आणि खुंटी. जेवण खानावळीत. मला खुंटी मिळाली, आणि ट्रंकांच्या वरच्या फळीवर कागदाचा बोर्ड ठेवायला जागा मिळाली. त्या बोर्डाला पाच वर्षांत कुणाचा चुकूनही धक्का लागला नाही. कागद ओला असेल तर माणसं वाकून जायची.

महिन्याला घरून दीडशे रुपयांची मनीऑर्डर यायची. खोलीचं भाडं माझ्या वाट्याला जवळजवळ येतच नव्हतं. "शिकतंय पोरगं," एवढ्यावर भागायचं. हे लक्षात ठेवा, मी शेवटी याकडेच येणार आहे.

आता शाळेबद्दल. सर जे. जे. स्कूल ऑफ आर्ट १८५७ साली सुरू झालं. सर जमशेटजी जिजीभाईंनी एक लाख रुपये दिले त्यातून. आजची मुख्य इमारत १८७८ ची. क्रॉफर्ड मार्केटच्या समोर, बोरीबंदरच्या हाकेच्या अंतरावर. आत शिरलं की झाडांची सावली आणि टर्पेंटाइनचा वास. पहिल्या वर्षी आम्हाला ग्रीक पुतळ्यांच्या प्लास्टरच्या प्रतिकृतींसमोर बसवलं. डाँकीवर, म्हणजे घोड्यासारख्या लाकडी बाकावर, दोन्ही बाजूंना पाय टाकून बसायचं आणि चारकोलनं छायाप्रकाश लावायचा. चारकोल पुसायला पावाचा मऊ गर वापरत. कडा उरायच्या, त्या आम्ही खायचो. पहिले सहा महिने मला त्या पांढऱ्या नाकाडोळ्यांचा कंटाळा आला होता. हे माझं नव्हे, असं वाटायचं. आज सांगतो, हात तिथंच बसला. काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत किती पायऱ्या असतात ते प्लास्टरवरच कळतं, कारण प्लास्टरला स्वतःचा रंग नसतो.

पण शाळेच्या फाटकाबाहेर पडलं की काय दिसायचं? क्रॉफर्ड मार्केट, म्हणजे आजची महात्मा जोतिबा फुले मंडई. १८६९ ची. तिच्या दर्शनी भागावर शेतकऱ्यांची शिल्पं आहेत, ती लॉकवुड किपलिंग यांची. ते १८६५ साली जे. जे. मध्ये शिल्पकला शिकवायला आले होते, आणि त्यांचा मुलगा रुडयार्ड शाळेच्याच आवारात जन्मला. शिक्षकाचं काम शाळेसमोरच्या बाजाराच्या कपाळावर. तिथून पाच-सात मिनिटं चाललं की व्ही. टी., आताचं छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस. १८७८ ला काम सुरू झालं, दहा वर्षं चाललं. आराखडा फ्रेडरिक स्टीव्हन्सचा. पण त्या खांबांच्या माथ्यावर जी पानं, वेली, पक्षी, प्राणी आहेत, त्या कोरीवकामात स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थ्यांचा हात आहे.

मला हे दुसऱ्या वर्षी कळलं. एका शिक्षकांनी वर्गात सहज सांगितलं. त्या संध्याकाळी मी घरी जायची गाडी सोडली आणि तिकीटघराच्या दालनात मान वर करून उभा राहिलो. माणसं माझ्यावर आदळत होती. मी एक खांब निवडला. त्याच्या माथ्यावरची पानं बघितली. सगळी सारखी वाटतात, पण एक पान कडेला दुमडलेलं होतं. मुद्दाम दुमडलेलं. सांगितलेलं काम पुरं करून त्या अनाम मुलानं एक पान स्वतःच्या मनानं वळवलं होतं, असं मला तेव्हा वाटलं आणि अजूनही वाटतं. तो कुठल्या गावचा असेल, कुठं राहत असेल, जेवत कुठं असेल, असे प्रश्न मला पडले. कारण माझे प्रश्न तेच होते.

शहर आणि शाळा यांचं नातं असं जुनं आहे. विद्यार्थ्यांनी शहर घडवलं आणि शहरानं विद्यार्थी. १८७२ पासून शाळेतले शिक्षक जॉन ग्रिफिथ्स आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याला जात. दहा-बारा वर्षं ते काम चाललं. लेण्यांतल्या अंधारात बसून त्या मुलांनी भित्तिचित्रांच्या नकला केल्या, आणि त्यातल्या बऱ्याचशा लंडनला पाठवल्यावर १८८५ च्या आगीत जळाल्या. मला त्या आगीचं दुःख आहेच. पण ज्या हातांनी त्या नकला केल्या ते हात मुंबईला परत आले होते, ते जळाले नाहीत. शिल्पकार गणपतराव म्हात्रे यांनी 'मंदिरपथगामिनी' केली ती विशी गाठता गाठता, शाळेत असतानाच. पूजेला निघालेली मुलगी, नऊवारीची नेसण, अंगाला लागलेलं वस्त्र. शाळेत शिकलेलं ग्रीक शरीरशास्त्र आणि आपल्या गल्लीत रोज दिसणारी चाल, दोन्ही एकाच मूर्तीत आहे. ती चाल प्लास्टरच्या व्हीनसकडून शिकता आली नसती.

धुरंधर कोल्हापूरहून १८९० साली शाळेत आले. त्यांच्या आत्मचरित्राचं नाव 'कलामंदिरातील एक्केचाळीस वर्षे' असं आहे. आधी विद्यार्थी, मग शिक्षक, शेवटी काही काळ संचालकपदाची जबाबदारीही. माणूस एकेचाळीस वर्षं एका शाळेत होता, पण त्यांची चित्रं बघा. लग्नाच्या वराती, बाजार, फकीर, गाडीवान. मुंबईच्या गल्लीबोळांवर एडवर्ड्स यांनी लिहिलेल्या इंग्रजी पुस्तकाची चित्रंही त्यांचीच. शाळा सुटल्यावर हा माणूस कुठं जात होता, ते त्या चित्रांत दिसतं. गुरुजींच्या ट्रंकेतली पोस्टकार्डं का जपली गेली, ते मला इतक्या उशिरा कळलं.

आता रविवार. पहिले काही रविवार मी झोपून काढले. मग एका रविवारी खोलीतल्या एका काकांनी मला उठवलं आणि शेजारच्या गल्लीत गणपतीच्या कारखान्यात नेलं. त्यांचा गाववाला तिथं कामाला होता. जून-जुलैचे दिवस. बाहेर पाऊस, आत पेट्रोमॅक्स आणि दोन ट्यूबलाइट, आणि शाडूच्या ओल्या मातीचा वास. रांगेनं मूर्ती. सगळ्या रंगलेल्या, पितांबर, शेले, दागिने, आणि सगळ्या आंधळ्या. डोळ्यांची आखणी शेवटी होते. ती करणारा माणूस वेगळा असतो. साठीचा, बनियन घातलेला, बोलायला कमी.

त्यानं आधी ब्रश ओठांवर फिरवून टोक केलं. मग मूर्तीच्या पाटाला डाव्या हाताचा अंगठा टेकवला, उजव्या हाताची करंगळी मूर्तीच्या गालाला. म्हणजे दोन्ही हात आणि मूर्ती मिळून एक वस्तू झाली, हलली तर सगळी एकत्र हलणार. मग त्यानं श्वास सोडला. घेतला नाही, सोडला. आणि सोडलेल्या श्वासात वरच्या पापणीची रेघ नाकाच्या बाजूनं बाहेर एका ओढीत काढली. सुरुवातीला जाड, शेवटी केसाएवढी. मग दुसरी. बुबुळ ठेवताना तो मागे सरकला, पार दारापर्यंत गेला, तिथून मूर्तीकडे पाहिलं आणि परत येऊन ठिपका ठेवला. मी विचारलं, "इतक्या लांब कशाला गेलात?" तो म्हणाला, "मांडवात माणूस तिथनंच बघणार की."

मंडळी, मी त्यानंतर पुष्कळ पुस्तकं वाचली. बघणाऱ्याच्या जागेविषयी, नजरेविषयी, दृष्टिरेषेविषयी. त्या एका वाक्यापेक्षा जास्त कुठं शिकलो असं मला सांगता येणार नाही. आणि सोमवारी लाइफ क्लासमध्ये, जिवंत मॉडेलसमोर, मी पहिल्यांदा श्वास सोडून रेघ ओढली. आमच्या सरांनी मागून येऊन नुसतं "हं" म्हटलं. ते क्वचित म्हणायचे.

त्यानंतर रविवार मोकळा राहिला नाही. सकाळच्या लाँचनं गेटवेवरून घारापुरी. तासाभराचं समुद्रातलं अंतर. मुख्य लेण्यातली ती त्रिमुखी मूर्ती सुमारे अठरा फूट उंच आहे, हे पुस्तकात वाचलेलं असतं, पण अठरा फूट म्हणजे काय ते तिथं उभं राहिल्यावर मानेला कळतं. मधला चेहरा मिटल्या डोळ्यांचा, शांत. एका बाजूचा उग्र, मिशीवाला. दुसऱ्या बाजूचा मऊ, बाईच्या चेहऱ्यासारखा. मी तिथं एकदा सकाळपासून परतीच्या लाँचपर्यंत बसलो. लेण्याला दोन्ही बाजूंना उघडी अंगणं आहेत. सकाळी उजेड एका बाजूनं येतो, दुपार कलली की दुसऱ्या बाजूनं. मूर्ती जागची हलत नाही, पण सकाळी एक चेहरा पुढं येतो, संध्याकाळी दुसरा. शिल्पकारानं दगडासोबत सूर्यही हिशेबात धरला होता की काय, हे मी ठामपणे सांगू शकत नाही. मला तसं दिसलं, एवढं खरं. त्या दिवशी मी सात रेखाटनं केली. एकही चांगलं नाही. सगळी जपून ठेवली आहेत.

काळा घोड्याचं म्युझियम तर आमचं दुसरं घर. त्या घुमटाची इमारत जॉर्ज विटेट यांची, लोकांसाठी खुली झाली १९२२ साली. सिंधमधल्या मीरपूरखासच्या स्तूपावरची भाजक्या मातीची शिल्पं तिथं आहेत. त्यात हातात कमळ घेतलेला एक उभा पुरुष आहे. तो माझ्या ओळखीचा झाला होता. मातीचा असूनही त्याच्या कमरेला मांसाचा भार जाणवतो. भायखळ्याला राणीच्या बागेतलं भाऊ दाजी लाड म्युझियम, १८७२ चं, तेव्हा धुळीनं भरलेलं असायचं, पण काचेच्या कपाटांतल्या मातीच्या छोट्या बाहुल्यांत मुंबईतल्या सगळ्या जातीजमातींचे पोशाख बघायला मिळायचे. बाहेर तो दगडी हत्ती, घारापुरीहून आणलेला, ज्याच्यावरून पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा म्हटलं. २००८ मध्ये ते म्युझियम दुरुस्त होऊन पुन्हा उघडलं. आता ते सुंदर दिसतं.

जहांगीरमध्ये फुकट जाता यायचं, म्हणून आम्ही रोज जायचो. १९५२ पासूनची ती गॅलरी. प्रदर्शनं बघून तिथल्या सामोवार कॅफेत चौघांत एक चहा. एखादा चित्रकार भिंतीवर चित्रं लावताना दिसला की आम्ही न विचारता खिळे धरायला पुढं व्हायचो. चित्र किती उंचीवर लावायचं, दोन चित्रांत किती अंतर सोडायचं, हे मी असं शिकलो. दादरला छबिलदासच्या शाळेत प्रायोगिक नाटकं व्हायची. तिथल्या उजेडातून मला रंगांविषयी बरंच कळलं. प्रभात चित्र मंडळ दाखवायचं ते सिनेमे. द. ग. गोडसे यांचं 'पोत' कुणीतरी वाचायला दिलं, ते हातोहात फिरून पानं सुटेपर्यंत वाचलं.

आणि गाडी. लोकलमध्ये मी जेवढी माणसं काढली तेवढी लाइफ क्लासमध्ये नाही. झोपलेला माणूस काढायला सोपा असतो असं लोकांना वाटतं. नसतो. त्याचं डोकं दर स्टेशनाला नव्या जागी असतं. मान काढली, तोवर मशीद बंदर आलं आणि तो जागा झाला, की पान उलटायचं. अर्धं राहिलेलं डोकं पुरं करायचं नाही, हा आम्ही आपसांत घालून घेतलेला नियम. हात वेगवान झाला तो तिथं.

हे सगळं सांगताना मला माझ्या वर्गातल्या मुलींची आठवण होते. त्यांच्यात दोघी माझ्यापेक्षा कितीतरी चांगल्या होत्या. पण रात्री नऊला व्ही. टी. च्या बाकावर बसून रेखाटन करणं त्यांना शक्य नव्हतं. बैठकीची खोली त्यांना नव्हती. माझं मुंबईचं शिक्षण एका पुरुषाचं शिक्षण होतं, हे मला इथं सांगितलं पाहिजे. एका सरकारी वास्तूच्या आवारात रखवालदारानं त्यांच्यातल्या एकीची वही हिसकावून घेतली, ती परत मिळाली नाही. त्या वहीत चार महिन्यांचं काम होतं.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. आपण मुंबईच्या चित्रकलेचा इतिहास सांगतो तेव्हा नावं सांगतो. हुसेन, सूझा, रझा, आरा, गाडे, बाकरे, १९४७ चा प्रोग्रेसिव्ह ग्रुप. पण ही माणसं कुठं राहत होती, ते क्वचित सांगतो. आरा घरकाम करायचे, गाड्या धुवायचे. हुसेन सिनेमाची होर्डिंगं रंगवत. वासुदेव गायतोंडे गिरगावच्या चाळीतले. त्यांच्या त्या शांत, मोठ्या रंगपटांचं प्रदर्शन २०१४ साली न्यूयॉर्कच्या गुगनहाइम म्युझियममध्ये झालं. चाळीच्या गोंगाटात एवढी शांतता कुठून आली असेल, हा विचार माझ्या मनातून जात नाही. युरोपातून परागंदा होऊन आलेले वॉल्टर लँगहॅमर नेपियन सी रोडवरच्या आपल्या घरी रविवारी तरुण चित्रकारांना बोलवत, चित्रं दाखवत, चर्चा करत. बघा, तिथंही रविवारच. ब्रीच कँडीला भुलाभाई देसाई इन्स्टिट्यूट होतं. तिथं नाममात्र पैशांत चित्रकारांना कामाला जागा मिळे. गायतोंडे, हुसेन तिथं काम करत, अल्काझींच्या नाटकांच्या तालमी चालत, रविशंकरांचं संगीताचं काम चाले. नलिनी मलानी जे. जे. मध्ये शिकत असतानाच तिथं त्यांना स्टुडिओ मिळाला होता. शिकणाऱ्या मुलीला स्वतःची खोली, आणि शेजारच्या दारात एवढी माणसं! ती इमारत पुढे पाडली गेली. तिथं उंच इमला उभा राहिला.

म्हणजे शहराकडे म्युझियम, गॅलऱ्या, नाट्यगृहं कितीही असोत, गरिबाला तिथं राहता आलं पाहिजे. राहता आलं तरच तो रिकामा रविवार मिळतो. आर. के. लक्ष्मण यांना जे. जे. नं प्रवेश नाकारला होता, हे त्यांनी स्वतः लिहून ठेवलं आहे. पुढे त्यांनी शाळेपासून थोड्याच अंतरावर, त्याच रस्त्यावरच्या टाइम्सच्या इमारतीत बसून पन्नासहून अधिक वर्षं व्यंगचित्रं काढली. शाळेनं दार लावलं तरी शहरानं उघडलं. पण शहराचंच दार लागलं तर शाळेचं उघडं दार काय कामाचं?

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार. माझं शेवटचं वर्ष. पहाटेचा भोंगा बंद झाला, तर पहिले काही दिवस मला जागच येईना. खोलीतली माणसं आधी पत्ते खेळत होती, मग गप्प बसू लागली, मग एकेक करून गावाला परतली. खुंट्या मोकळ्या झाल्या. मे महिन्यात मी परीक्षेचं काम करत होतो तेव्हा त्या खोलीत आम्ही तिघंच होतो. एवढी मोकळी जागा मला कधीच मिळाली नव्हती. मी त्या जागेत कॅनव्हास पसरून काम केलं आणि चांगले गुण मिळवले. त्या गुणांचा मला अभिमान वाटत नाही. मामा परत आला तो कायमचा. इथं उसाच्या टोळीवर मुकादमाच्या हाताखाली काम केलं त्यानं. तुमच्यातल्या कित्येकांनी त्याला पाहिलं आहे.

त्या कामगारांना चित्रांत आणणारे डॉ. सुधीर पटवर्धन हे ठाण्याचे, २००५ पर्यंत पेशानं क्ष-किरणतज्ज्ञ. चित्रकलेच्या शाळेत न गेलेले. १९७७ साली, म्हणजे मी मुंबईत उतरलो त्या वर्षी, त्यांनी 'इराणी रेस्टॉरंट' रंगवलं, आणि २००१ साली 'लोअर परळ'. ज्या भागात मी पाच वर्षं चाललो तो त्यांनी कामगारांच्या अंगानं, त्यांच्या उभं राहण्याच्या पद्धतीनं रंगवला. ती चित्रं जिथं बघायला मिळतील तिथं बघा. आपल्या गावची कितीतरी माणसं त्यांत आहेत, असं तुम्हाला वाटेल.

माझं म्हणणं एवढंच आहे. आमच्यासारखी पोरं मुंबईत चित्रकला शिकू शकली, कारण गिरणी कामगारांनी स्वतःसाठी एक स्वस्त मुंबई उभी केली होती. खानावळ, बैठकीची खोली, गावकीचा विश्वास. आमच्या शिक्षणाचं अर्धं भांडवल त्यांचं होतं. कुठल्याही कलेतिहासाच्या पुस्तकात त्यांचं नाव आलेलं मी पाहिलेलं नाही.

मी पुढे पंचवीस वर्षं शिकवलं. आजचे विद्यार्थी आमच्यापेक्षा कमी नाहीत. त्यांना जगभरची चित्रं हातातल्या मोबाइलवर बघता येतात, आम्ही एका रंगीत प्रिंटसाठी महिनाभर थांबायचो. पण बदलापूर, विरार, टिटवाळा इथून येणारा मुलगा दिवसाचे चार तास गाडीत घालवतो, तेही उभ्यानं, वही उघडायला जागा नसते. शनिवार-रविवार तो कुठंतरी डिलिव्हरी करतो किंवा क्लास घेतो, भाड्यासाठी. त्याला मी घारापुरीला जाऊन आलास का असं विचारलं की तो खाली बघतो. चार वर्षं मुंबईत राहून त्यानं म्युझियम एकदाच बघितलेलं असतं, कॉलेजच्या सहलीत. २०२३ साली जे. जे. ला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला, त्याचा मला आनंद आहे. पण अभ्यासक्रम कितीही चांगला केला तरी त्यातला रविवार विद्यापीठाला देता येत नाही.

तो आपण देऊ शकतो. गावानं एकदा दिलेला आहे. गुरुजींच्या स्मृतिनिधीतून दरवर्षी एक ढाल आणि काही पुस्तकं बक्षीस म्हणून दिली जातात. ती द्या. पण माझी वाचनालयाच्या मंडळाला आणि आपणा सगळ्यांना हात जोडून विनंती आहे की या निधीतून मुंबईत एक खोली घ्यावी. भाड्याची चालेल, छोटी चालेल, पण शाळेपासून अर्ध्या तासात पोचता येईल अशी. आपल्या तालुक्यातली चित्रकला, शिल्पकला, नाटक, संगीत शिकणारी मुलं तिथं राहतील. आणि मुलींसाठी दुसरी, तेवढीच सुरक्षित, तेवढ्याच जवळ. अट एकच. रविवारी त्यांनी काम करायचं नाही, शहर बघायचं. वर्षाच्या शेवटी त्यांनी आपल्या वह्या आणून या सभागृहात मांडायच्या आणि गावानं त्या बघायच्या.

आजचं मानधन आणि त्यात माझ्याकडची काही रक्कम घालून मी ती कार्यवाहांकडे दिली आहे. गुरुजींच्या थोरल्या सूनबाईंनी काल घरी मला ती ट्रंक दाखवली. पोस्टकार्डं अजून आहेत. ती या खोलीच्या भिंतीवर लावायला द्यायची त्यांची तयारी आहे. आपली वर्गणी आणि नाव बाहेरच्या टेबलावर नोंदवावं. जूनमध्ये प्रवेश सुरू होतात, त्याआधी खोली मिळायला हवी.